दोनशे एकतीसची बोली

६ जानेवारी, सोमवार

लेओना हॉफरचा कालचा एक दिवस मला खरा किती पडला, ते मांडून पाहिलं.

उठवणाऱ्या-भरवणाऱ्या मदतनीस बायका, तिन्ही पाळ्या, वर नर्सचा वाटा : १३४ डॉलर.
जेवण : ९. (पैकी निम्मं ताटात परत.)
चादरी, कपडे धुणं : ६.
घर तापवायचा गॅस : २१. बाहेर उणे सव्वीस होतं.
इमारत, विमा, बँक : ४८.
मी : १३.
अर्लीस : काही नाही. बायको असल्यामुळे ती पगार घेत नाही, बोलून घेते.

एकूण २३१. राज्य सरकार देतं माणशी सरासरी २०८.

म्हणजे लेओना सकाळी डोळे उघडते तेव्हा माझ्या खिशातून तेवीस डॉलर गेलेले असतात. आणि ती एकटी नाही. माझ्या या वृद्धांच्या होममध्ये चाळीस माणसं, त्यातल्या एकतीस जणांची पुंजी संपली, त्यांचे पैसे राज्य भरतं. उरलेले नऊ स्वतःचे भरतात, पण त्यांच्यातल्या दोघांचं वसंतापर्यंत संपेल.

बँकेने सांगितलंय, मार्चअखेर राज्याचा दर सुधारला तर कर्ज पुढे चालू. नाहीतर नाही. सांगणारा पोरगा फार गोड बोलला. त्याच्या आजोबांचे बैल मी विकून दिलेत. कर्ज थांबलं तर होम बंद, आणि पुढचं होम शहाण्णव मैलांवर.

असलं काही होणार नाही. तीस वर्षं गुरांच्या लिलावात कठड्याला टेकून उभा होतो. समोरचा किती देणार हे त्याने तोंड उघडायच्या आत मला त्याच्या श्वासावरून कळतं. राज्य म्हणजे तरी काय, एक गिऱ्हाईकच. २४० मागायचे, जरा रुसायचं, २३१ ला यायचं. या राज्याकडून २३१ च्या वर एक सेंट कोणी काढून दाखवावा.

९ जानेवारी, गुरुवार

शहरातून हिशेबनीस लुंडग्रेन आला. तासाला दोनशे घेतो. म्हणजे जवळजवळ एक लेओना. कॉफी गार करूनच दिली, फुंकण्यात वेळ जायला नको.

त्याला २४० ची चाल सांगितली. तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, डेल्मर, इथे बोली लागत नाही. दोनच गोष्टी बघतात. दोन वर्षांपूर्वी तुझा खर्च किती झाला, आणि तुझ्या माणसांना किती मदतीचा हात लागतो.

दोन वर्षांपूर्वी. त्या वर्षी स्वयंपाकी सोडून गेला, मी दुसरा ठेवलाच नाही. वर्षभर अर्लीसने चाळीस माणसांचं फुकट रांधलं. कॅफेत मी हे सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो. लुंडग्रेन म्हणाला, तेच तर. तू स्वस्तात भागवलंस, म्हणून राज्य म्हणतं, याचं स्वस्तात भागतं.

अर्लीस दारात उभी होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

झालं ते झालं. दुसरी गोष्ट अजून हातात आहे. प्रत्येक माणसाची एक पायरी असते. जितका हात जास्त लागेल तितकी वरची पायरी, तितका वरचा दर. सात दिवस मदतनीस बायका जे लिहितील त्यावरून पायरी ठरते, आणि राज्याची बाई येऊन पडताळते. भरवलं आणि लिहिलं नाही, तर भरवलंच नाही.

आमची झाडून सगळी माणसं खालच्या दोन पायऱ्यांवर. लुंडग्रेन म्हणाला, डेल्मर, हे नर्सिंग होम आहे की व्यायामशाळा?

निश्चय : फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जे खरं आहे ते सगळं लिहून घ्यायचं. खोटं एक अक्षर नको. खोट्याची गरजच नाही, इतकं खरं आहे आपल्याकडे.

११ जानेवारी

सकाळभर जोलीनबरोबर फिरलो. जोलीन आमची मुख्य नर्स. मला दाखवते म्हणाली.

एमिलची खोली. वय त्र्याण्णव. जन्मभर गावच्या धान्यकोठीवर वजनकाटा सांभाळला. मदतनीस त्याच्या मागे उभी राहून शर्ट असा धरते की हात आपोआप बाहीत जातो. बटणं ती लावते, शेवटचं एक त्याच्यासाठी सोडते. मी विचारलं, एमिल, शर्ट कोण घालतं रे तुला? तो म्हणाला, कोण म्हणजे? मी काय तान्हा आहे?

बाईने कागदावर लिहिलं : स्वतः.

बाहेर आल्यावर मी जोलीनवर चिडलो. ती म्हणाली, त्याच्यासमोर मदत केली असं कसं लिहू? तो उलटं वाचतो. आयुष्यभर काट्यापलीकडच्या शेतकऱ्यांच्या पावत्या उलट्या वाचल्यात त्याने. परवा एका नव्या मुलीने लिहिलं, तर दोन दिवस शर्टच घातला नाही, रात्रीच्या झग्यावर बसून राहिला.

मग मी सांगितलं, खोलीबाहेर जाऊन लिहा. जोलीन म्हणाली, बरं. तिच्या बरं मध्ये मला नको ते ऐकू आलं, पण ती दमलेली असते.

१४ जानेवारी

जेवणघरात सगळ्यांपुढे भाषण केलं. छान झालं.

सांगितलं की, मंडळी, तुम्ही सगळी आमच्या गावची अभिमानी माणसं. पण राज्याची बाई येईल तेव्हा अभिमान कपाटात ठेवा. गुडघा दुखतो तर दुखतो म्हणा. उठवत नाही तर उठवत नाही म्हणा. त्यावर या घराचं भवितव्य आहे.

एमिल म्हणाला, म्हणजे सरकारपुढे रडायचं? मी म्हणालो, रडायचं नाही, खरं सांगायचं. तो म्हणाला, माझा गुडघा आणि सरकार यांची ओळख नाही, आणि मला ती करून द्यायची नाही.

व्हायोला, जिने चर्चमध्ये पन्नास वर्षं ऑर्गन वाजवला, तिने विचारलं, कसल्या कसल्या गोष्टी विचारेल ती? मी जरा चाचरत म्हणालो, म्हणजे, बाथरूमला जाताना कोणी लागतं का, वगैरे. व्हायोला म्हणाली, असल्या गोष्टी मी पास्टरशीसुद्धा बोलत नाही. सूप गार होतंय.

एकंदरीत प्रतिसाद चांगला. कोणी उठून गेलं नाही. (कोणाला स्वतःहून उठता येत नाही, हेच तर मी म्हणतोय.)

२० जानेवारी, सोमवार

लुंडग्रेनने फोनवर लेओनाबद्दल विचारलं. अर्धांगवायू झालेली बाई, बोलत नाही, उजवा हात हलत नाही, आणि पायरी खालून दुसरी कशी?

मी म्हणालो, रूबेन भरवतो तिला. नवरा.

तो म्हणाला, नवऱ्याचं धरत नाहीत. फक्त तुझ्या पगारी माणसांचा हात धरतात. नवरा भरवतो म्हणजे राज्याच्या लेखी ती आपली आपण जेवते.

रूबेन हॉफर, शहाऐंशी. रोज दुपारी, आणि अंधार पडायच्या आत संध्याकाळच्या जेवणाला येतो, जुन्या ब्युइकमधून, चालत जाणारा माणूस पुढे जाईल इतक्या वेगाने. डोळ्यांमुळे त्याच्या लायसन्सवर शिक्का आहे, फक्त दिवसा आणि फक्त गावाच्या हद्दीत. येतो, कोट काढतो, सूपमधले पिठाचे गोळे चमच्याने चार-चार तुकडे करतो, स्वतःच्या ओठाला लावून गरम आहे का बघतो. मग तिला. ती त्याच्याच हातून खाते.

हिशेब केला. लेओना वरच्या पायरीवर गेली तर एकटीच रोजचे तीस-पस्तीस आणते. अशा नवऱ्याने नाहीतर मुलीने भरवलेल्या आणखी आठजणी आहेत.

रूबेनशी बोलायचं. मला येतं बोलता.

२३ जानेवारी

रूबेनशी बोललो.

साय घातलेल्या कूखेन केकचा मोठा तुकडा समोर ठेवून सुरुवात केली. म्हणालो, एक आठवडा. फक्त सात दिवस तू भरवू नकोस. आमची बाई भरवेल, लिहील, झालं. आठव्या दिवशी चमचा तुझा.

तो म्हणाला, आणि मी काय करू? हात खिशात घालून बघत बसू?

म्हणालो, बस ना शेजारी. गप्पा मार.

म्हणाला, ती बोलत नाही, डेल्मर. आम्ही जेवतोच फक्त.

मग मी त्याला सगळं सांगितलं. बँक, मार्च, शहाण्णव मैल. हे सांगायचं नव्हतं खरं तर. तो काट्याने कूखेनवरची साय एका बाजूला करत राहिला. शेवटी म्हणाला, शहाण्णव मैलांवर माझं लायसन्स चालत नाही.

मी म्हणालो, म्हणूनच.

म्हणाला, एक आठवडा. मग उठला आणि कूखेन न खाता गेला.

सौदा पक्का. गाडीपर्यंत सोडायला गेलो. त्याची किल्ली दोनदा चुकली. थंडी फार आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

आठवडा सुरू. सगळ्या मदतनीस बायकांना नवीन पेनं दिली.

लेओना जेवली नाही. बाई चमचा पुढे करते, ही तोंड मिटून रूबेनकडे बघते. रूबेन खिडकीतून बाहेर पार्किंगकडे बघतो. पार्किंगमध्ये काही नव्हतं.

पहिला दिवस असा जायचाच. जनावरालाही नवा गोठा कळायला वेळ लागतो. (हे जोलीनसमोर बोललो, बोलायला नको होतं.)

४ फेब्रुवारी

दोन घोट दूध. बस.

रूबेनला बघणं जड जातंय म्हणून त्याला हॉलमधलं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला दिलं. त्याने सगळं उघडलं. पुन्हा जोडलं नाही.

इतरांचं लिखाण तपासलं. एमिल : स्वतः. व्हायोला : स्वतः. खोलीबाहेर येऊन लिहा म्हटलं होतं. एक बाई म्हणाली, लिहिणारच होते, पण एमिलने दारातून हाक मारून विचारलं, काय लिहिलंस ग? मग काय करू?

५ फेब्रुवारी, बुधवार

एक मीच काढलेली युक्ती. मीही पगारी माणूस आहे, रोजचे तेरा डॉलर घेतो. मी भरवलं तर ते धरायलाच हवं. जोलीन म्हणाली, तुला प्रशिक्षण नाही. म्हणालो, तीन पोरं वाढवली. अर्लीस मागून म्हणाली, कोणी?

लेओनाशेजारी बसलो. ती माझ्या लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायची. माझं नाव तिने एकदा फळ्यावर लिहून ठेवलं होतं, बडबड करतो म्हणून. मी गोळा चमच्यात घेतला, फुंकर घातली, बोललो, लेओना, माझ्यासाठी. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, जिंकलो. तिने तो गोळा माझ्या टायवर अलगद सोडला.

टाय धुवायला टाकला. सहा डॉलरांत बसतो.

जोलीन म्हणाली, वजन दोन पौंड उतरलंय. मी म्हणालो, उद्या बघू. ती म्हणाली, उद्या मी डॉक्टरला फोन करणार. मी म्हणालो, चार दिवसच तर राहिले. तिने वजन कागदावर लिहिलं आणि गेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार.

साडेबाराला लेओनाच्या खोलीवरून गेलो. दार अर्धवट उघडं. रूबेन पाठमोरा, कोट अंगातच. तो चोरून भरवायला आला होता हे त्या कोटावरून कळलं. चमच्याचा आवाज येत होता. वाटीच्या कडेला तो दोनदा टेकवतो, तसा. आणि ती गिळत असल्याचा आवाज. माझे कान चांगले आहेत.

मदतनीस बाई बोळातून येत होती, हातात कागद. मी दार लावून घेतलं आणि तिला सांगितलं, तिकडे व्हायोलाचा बोलावण्याचा दिवा लागलाय का बघ जरा.

ही माघार नव्हे. एकतीस माणसं आहेत. एका लेओनावर गाडी अडत नाही. उरलेल्या तिसांची सरासरी काढली तर अजून २२५ पर्यंत जाता येईल. २२५ काही वाईट नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

राज्याची बाई आली. मिस प्रुइट. चाळिशीची, साधी, बर्फाचे बूट दारात काढून ठेवले. मला आवडली. त्यामुळे जास्त काळजी वाटली.

सकाळी सातला होममध्ये शिरलो आणि वाटलं, चुकून इस्टरला आलो. एमिल कोट-टायमध्ये. व्हायोलाने मोत्यांची माळ घातलेली, पलंग आपल्या हाताने आवरलेला. (त्यासाठी ती साडेचारला उठली, असं नंतर कळलं.) ज्यांना टेकू देऊन बसवावं लागतं ते ताठ. सरकारी माणूस घरी येतो म्हटल्यावर आमची माणसं दुसरं काही करूच शकत नाहीत. मला हे आधी सुचायला हवं होतं.

खोटं कशाला लिहू, क्षणभर मला अभिमानच वाटला. किती देखणं घर दिसत होतं.

मिस प्रुइटने एमिलला विचारलं, चालताना कोणी धरावं लागतं का? एमिल म्हणाला, बघा. वॉकर सोडला आणि बोळातून निघाला. एक हात भिंतीवर, पण असा की सहज भिंत चाचपतोय. शेवटपर्यंत गेला. तिथे खुर्ची होती म्हणून बरं. बसल्यावर त्याचे ओठ निळे झाले होते, आणि तो हसत होता.

व्हायोलाला तिने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. व्हायोलाचं उत्तर सगळ्यांना ऐकू आलं : ऑर्गन वाजवून दाखवू का?

मग माझ्याकडे वळली. मी जेवणघरात एमिलशेजारी बसलो होतो, तर म्हणाली, आणि तुम्ही? बूट-मोजे स्वतः घालता? मी चटकन म्हणालो, अगदी व्यवस्थित. तेव्हा जोलीन हसू दाबत म्हणाली, हे मालक आहेत. नंतर विचार केला, खरं म्हणजे कंबर बिघडल्यापासून अर्लीसच मोजे चढवते. पण फक्त डावा.

शेवटी लेओनाची खोली. दुपारची वेळ. रूबेन भरवत होता. मी त्याला त्या दिवशी येऊ नकोस असं सांगितलं नव्हतं. सांगायला गेलो होतो, सांगितलं नाही.

मिस प्रुइटने विचारलं, रोज तुम्हीच भरवता? रूबेन म्हणाला, हो. साठ वर्षं तिने वाढलं, आता पाळी माझी. तिने विचारलं, इथल्या बायका भरवत नाहीत? त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. म्हणाला, प्रयत्न केला त्यांनी. चांगल्या आहेत. पण ती माझ्याकडूनच खाते.

मिस प्रुइट वाटी रिकामी होईपर्यंत उभी राहिली. निघताना मला म्हणाली, या महिन्यात इतकं सुंदर मी कुठे पाहिलं नाही. डोळे पुसले. आणि लेओनाला आणखी एक पायरी खाली आणलं. म्हणाली, नियम आहे, मिस्टर शाइबल, मला फार वाईट वाटतं.

तिला खरंच वाटत होतं. श्वासावरून कळलं.

२१ फेब्रुवारी

तरी आशेला जागा आहे. घर पाहून ती प्रभावित झाली होती. वर जाऊन चार शब्द चांगले बोलेलच.

१० मार्च, सोमवार

नवा दर, माणशी सरासरी : दोनशे चार डॉलर साठ सेंट.

म्हणजे तीन डॉलर चाळीस सेंट कमी.

लुंडग्रेनला फोन केला. तो म्हणाला, तुझी माणसं कागदावर अजून तंदुरुस्त झालीत, अभिनंदन. मग म्हणाला, माफ कर, वाईट विनोद होता. त्याने त्या फोनचे पैसे लावले नाहीत. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

१३ मार्च, गुरुवार

स्वतः राजधानीत जाऊन आलो. समोरासमोर बोललं की फरक पडतो.

ऑफिसात एक तरुण, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मी खुर्ची ओढली, हवापाण्याचं बोललो, त्याच्या वडिलांचं गाव विचारलं. मग म्हणालो, दोनशे चाळीस. तो म्हणाला, काय दोनशे चाळीस? मी म्हणालो, तू सांग मग. तो म्हणाला, सर, मी काही सांगत नाही. सूत्र सांगतं. मी म्हणालो, मग त्या सूत्राचा जो साहेब असेल त्याला बोलाव. तो म्हणाला, साहेब आहेत, पण त्यांनाही सूत्रच सांगतं.

मी त्याला लेओनाचं सांगितलं. रूबेन कसा ओठाला लावून बघतो ते. त्याने नीट ऐकून घेतलं. त्याच्याही आजीला असंच कोणी भरवायचं म्हणाला. मग म्हणाला, यासाठी रकाना नाही, सर.

लिलावात समोरचा भाव पाडतो तेव्हा निदान त्याला काहीतरी हवं असतं. या पोराला काहीच नको होतं. मी कठडा शोधत होतो टेकायला.

परतीच्या वाटेवर अर्लीसने विचारलं, काय झालं? म्हणालो, विचार करतील. ती म्हणाली, कोण? मी रेडिओ लावला.

३१ मार्च

बँक. पोरगा पुन्हा गोड बोलला. होम ३० मेला बंद.

तात्पुरतं. कोणीतरी गिऱ्हाईक मिळेलच, इमारत चांगली आहे.

२ एप्रिल

जेवणघरात सगळ्यांना सांगितलं. या वेळी भाषण नीट झालं नाही.

एमिल म्हणाला, आमच्यामुळे का? मी म्हणालो, नाही नाही, सरकारमुळे. तो म्हणाला, मी भिंत धरायला नको होती का? मी म्हणालो, उलट रे एमिल. उलट. त्याला समजलं नाही. मी समजावलंही नाही.

व्हायोला म्हणाली, आम्ही तुमचं नाव खाली जाऊ नये म्हणून कपडे घातले होते, डेल्मर. मी म्हणालो, माहीत आहे. फार छान दिसत होतात सगळे.

११ एप्रिल

माणसांची वाटणी चालू. जिथे खाट मिळेल तिथे. लेओनाला शहाण्णव मैलांवरचं मोठं होम.

रूबेनने विचारलं, मलाही तिथेच घेतील का, तिच्या खोलीत? जोलीनने अर्ज भरून पाठवला. उत्तर लगेच आलं. रूबेनला कशातच मदतीचा हात लागत नाही, स्वतःची सगळी कामं स्वतः करतो, राज्य त्याच्यासाठी काही देऊ शकत नाही. जोलीनने विचारलं, तू त्यांना फोनवर काय सांगितलंस? रूबेन म्हणाला, सांगितलं की मी ठीक आहे. काय सांगायला हवं होतं?

मी त्याला सांगितलं, दर मंगळवारी मी घेऊन जाईन. शब्द देतो. तो म्हणाला, आणि बुधवारी ती काय खाईल?

निश्चय : दर मंगळवारी आणि शुक्रवारी.

६ मे, मंगळवार

आज लेओनाला हलवलं. रुग्णवाहिकेमागे मी आणि रूबेन पिकअपमध्ये. गावाची हद्द ओलांडताना त्याने सीटचा पट्टा घट्ट धरला, जणू पोलीस अडवतील.

मी वाटेत पिकांबद्दल बोलत राहिलो. तो एकदाच बोलला, तिला सांग, गोळे लहान हवेत. मी म्हणालो, कोणाला? म्हणाला, जी असेल तिला.

१३ मे

जाता आलं नाही. इमारत बघायला एक माणूस येणार होता. आला नाही.

१६ मे, शुक्रवार

पिकअपचं टायर. रूबेनला फोन केला. म्हणाला, ठीक आहे. मी म्हणालो, खरंच ठीक ना? म्हणाला, ठीक आहे, ठीक आहे.

आता कळतं हे वाक्य कसं ऐकायचं. पण टायर खरंच गेलं होतं.

२० मे, मंगळवार

गेलो. रूबेनला बरोबर नेलं.

मोठं होम, चकचकीत फरशी, भिंतीवर माशांची टाकी. लेओना खुर्चीत. तिच्यासमोर एक तरुण बाई, हसरी, जाड दांड्याचा चमचा. बाई भरवते, मांडीवरच्या यंत्रात काहीतरी दाबते, पुन्हा भरवते. लेओना तोंड उघडत होती. सगळं नाही, पण निम्मं खाल्लं. बारीक झालीय.

रूबेनने कोट काढला. चमचा मागितला. बाई नम्रपणे म्हणाली, आजोबा, जेवणाच्या वेळी आम्हीच भरवतो, नियम आहे, तुम्ही हात धरा. तो लेओनाचा डावा हात धरून बसला. लेओनाने आधी चमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा चमच्याकडे आणि तोंड उघडलं. रूबेन म्हणाला, चांगलं आहे. खातेय. चांगलं आहे.

मी बाहेर आलो. तिथली मॅनेजर लिलावातल्या ओळखीची, तिचे वडील मेंढ्या आणायचे. सहज विचारलं, लेओनाचं तुम्हाला काय मिळतं? ती म्हणाली, दर तर जाहीरच असतात, डेल्मर, लपवायचं काय त्यात. तीन वेळा भरवणं, सगळं लिहिलेलं, वरून दुसरी पायरी. पडद्यावर बघून तिने सांगितलं.

लेओनासाठी राज्य त्यांना रोज दोनशे सेहेचाळीस डॉलर पंधरा सेंट देतं.